सतरा नंबरच्या लेकी

"मॅडम, तुमचा सतरा नंबर नापास."

जगदाळे साहेबांचा फोन आला तेव्हा माझा डावा हात खांद्यापर्यंत एका गाईच्या आत होता. गाय गाभण आहे का ते गोठ्यात असंच बघतात. फोन सुरेशने माझ्या कानाशी धरला होता. साहेब फोनवर बोलतात तेव्हा तो कानाशी धरला काय आणि अंगणात ठेवला काय, सगळ्या वाडीला ऐकू जातं.

"नापास म्हणजे?"

"लेकींचं दूध सरासरीच्या खाली आहे. शीट पाठवलीय. पुढच्या मीटिंगला तो यादीतून बाद."

"साहेब, मी गाय तपासतेय."

"तपासा की. पण आधी तुमची माणसं तपासा. स्ट्रॉ फिरवल्याशिवाय असा रिझल्ट येत नाही."

फोन बंद झाला. सुरेशचा चेहरा उतरला होता, कारण माझी माणसं म्हणजे मुख्यतः तोच. गाय मात्र गाभण होती. त्या दिवसातली तेवढीच बरी बातमी.

मी जनावरांची डॉक्टर. आमच्या संस्थेचे वळू देशावर एका फार्मवर आहेत, तो सगळा कारभार जगदाळे साहेबांकडे, आणि माझ्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातली, मुख्यतः लांजा-संगमेश्वर भागातली गावं आहेत. कुठला वळू पुढच्या पिढीसाठी वापरायचा हे ठरवणं, हे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण वळू दूध देत नाही, आणि इथेच सगळी गोम आहे. त्याची छाती बघा, खांदा बघा, चाल बघा, त्याच्यापासून झालेली कालवड किती दूध देईल ते त्यातून कळत नाही. म्हणून त्याचं सीमेन, म्हणजे वीर्य, गावोगावच्या साध्या गाईंना द्यायचं. कालवडी होऊ द्यायच्या. त्या मोठ्या होऊन व्यायल्या की महिन्यातून एकदा त्यांचं दूध मोजायचं आणि त्याच भागातल्या बाकीच्या गाईंशी ताडून बघायचं. लेकी सरस निघाल्या तर बाप 'प्रूव्हन', म्हणजे सिद्ध वळू. मग त्याच्या मात्रा राज्यभर जातात. लेकी सुमार निघाल्या तर त्याचं साठवलेलं सीमेन ओतून टाकतात आणि वळूची रवानगी होते. या सगळ्यात वर्षं जातात. तोवर वळू शेडमध्ये आयतं खात म्हातारा होतो.

सतरा नंबर दिसायला अगदीच सुमार होता. बुटका, पाठ जराशी दबलेली, जर्सी रक्ताचा संकरित वळू. फार्मवर पाहुणे आले की त्याला मागच्या शेडमध्ये बांधायचे. पण मला तो हवा होता, आणि त्याचं कारण आमच्या कोकणातल्या गाई. आमच्या गाई लहान चणीच्या. मोठ्या हाडापेराच्या वळूचं वासरू त्यांना झेपत नाही, ते बाहेर येताना अडतं. अशी वासरं मी पायाला दोऱ्या लावून ओढून काढली आहेत. काही गाई त्यानंतर उठल्याच नाहीत, आणि गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या बाईला ते सांगायचं कामही माझंच. सतराची वासरं अलगद यायची. त्याच्या लेकींनी दूध दिलं असतं तर आमच्या गाईंना शोभेल असा एक वळू मिळाला असता. त्याचे टेस्ट डोस बहुतेक याच भागात वापरले होते, त्यामुळे त्याचं मरण-जगणं या चार-पाच वाड्यांच्या हातात होतं.

आणि शीट म्हणत होती, लेकी नापास.

माझा स्वभाव संशयी. घरचे म्हणतात, भाजीवाल्याने एखादी मिरची जास्त टाकली तरी ही विचारते, का रे बाबा? असो. संशय घ्यायचा तर क्रमाने घ्यावा, म्हणून मी सुरेशपासून सुरुवात केली.

सुरेश गोताड आमचा रेतनाचं काम करणारा मुलगा. मुलगा म्हणायची सवय, आता त्यालाच दोन मुलं आहेत. गाय माजावर आली की लोक त्याला फोन करतात, तो मोटारसायकलला सीमेन गोठवून ठेवणारा नायट्रोजनचा कॅन बांधून येतो आणि गाय भरवतो. वळूचं सीमेन असतं ते बारीक प्लॅस्टिकच्या नळीत, रिफिलएवढ्या. तिला स्ट्रॉ म्हणतात. वर वळूचा नंबर छापलेला. साहेबांचं म्हणणं असं, की सुरेशने सतराच्या स्ट्रॉ दुसरीकडे वापरल्या आणि या गाईंना भलत्याच कुठल्यातरी वळूच्या दिल्या. असं घडतं. मी दुसऱ्या जिल्ह्यात घडलेलं पाहिलंय. एका दुपारी मी त्याच्यासमोर सतराच्या सगळ्या लेकींच्या शेपटीचे केस मुळासकट उपटून पाकिटात भरले. केसाच्या मुळावरून बाप कोण ते लॅबमध्ये कळतं.

"मॅडम, माज्यावर संशय हाय काय?"

"सुरेश, मला सगळ्यांवर संशय आहे. तुझा नंबर पहिला, एवढंच."

"एवढी वर्षं मी तुमच्यासंगती..."

"म्हणूनच पहिला. तुझं नाव निघालं तर मला जास्त त्रास होईल. आधी तो विषय संपवू दे."

रिपोर्ट येईपर्यंत तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा आणि टपरीवर माझ्या बाकड्यावर न बसता पलीकडच्या बाकड्यावर बसायचा. मला वाईट वाटत होतं, पण मी काही त्याला बोलवायला गेले नाही. रिपोर्ट आला. सगळ्या लेकी सतराच्याच. मी फोन केला.

"सुरेश, तू सुटलास."

"मी कवा अडाकलो होतो?" तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी चहाचे पैसे त्याने मला द्यायला लावले आणि वर दोन वडे मागवले.

आता दुसरा नंबर प्रणालीचा. प्रणाली म्हणजे महिन्यातून एकदा गोठ्या-गोठ्यात जाऊन दूध मोजणारी मुलगी. बारावी झालेली, शेजारच्याच वाडीतली. दूध काढताना समोर उभं राहायचं, बादली काट्याला लावायची, आकडा ॲपमध्ये भरायचा आणि छोट्या बाटलीत नमुना घ्यायचा. मला वाटलं, बाईसाहेब घरी बसून आकडे ठोकत असणार. तिला ऑफिसात बोलावलं.

"प्रणाली, खरं सांग. जातेस का सगळीकडे?"

"ॲपमध्ये लोकेशन येतं, मॅडम. बघा ना."

"लोकेशन येतं. गोठ्याबाहेर उभं राहूनही येतं."

पोरीने माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की माझी मलाच लाज वाटावी. "मॅडम, मला मनाने आकडे टाकायचे असते तर चांगले टाकले असते. वाईट टाकून तुमच्याकडून बोलणी कशाला खाऊ?"

हे पटलं. खोटं लिहिणारा माणूस स्वतःच्या मागे चौकशी लागेल असं खोटं लिहीत नाही.

मग मी शीट घेऊन बसले. दोन गोष्टी डोळ्यात खुपल्या. पहिली म्हणजे सगळ्या लेकींचे आकडे जवळजवळ सारखे होते. एका वेळेला अडीच लिटर, पावणेतीन, अडीच, पुन्हा अडीच. अहो, एका आईबापाची सख्खी पोरं सारखी नसतात. इथे आया निराळ्या, चारा निराळा, गोठे निराळे, आणि दूध मात्र गणवेश घातल्यासारखं एकसारखं. निसर्ग इतका शिस्तीचा नाही.

दुसरी गोष्ट फॅटची. दुधात फॅट असते म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ असतं म्हणजे फॅट सोडून बाकीचं सगळं घट्ट. दुधात पाणी घातलं की दोन्ही उतरतात. इथे एसएनएफ चोख होतं आणि फॅट तेवढी कमी. म्हणजे पाणी घातलेलं नाही. मग फॅट गेली कुठे? ज्याने कधी गाय पिळली आहे त्याला हे ठाऊक असतं, की धारेचं पहिलं दूध पातळ येतं आणि कास रिकामी होत आली की शेवटचं दूध दाट, सायीचं येतं. फॅट सगळी त्या शेवटच्या दुधात. तेव्हा एकच अर्थ निघत होता. पहिलं दूध बादलीत येतंय आणि शेवटचं कासेतच राहतंय. म्हणजे कोणीतरी मध्येच हात थांबवतंय.

एका घरात झालं असतं तर म्हटलं असतं, बाईचा हात दुखत असेल. पण सगळ्या घरांत?

तेवढ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दूध मोजण्याच्या दुसऱ्या दिवशी मला याच घरांतून फोन येत. वासराला हगवण लागलीय, औषध सांगा. मी औषध सांगून विसरून जात होते. वासरू एरवीपेक्षा जास्त आणि दाट दूध प्यायलं की त्याचं पोट बिघडतं. कासेत राहिलेलं दूध कोण पीत होतं त्याचा उलगडा झाला. पण का? घरात खायला येणारं, विकलं जाणारं दूध महिन्यातून एक दिवस मुद्दाम वासराला पाजायचं आणि त्याला आजारी पाडायचं, यात फायदा कुणाचा?

पुढच्या मोजणीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी कोणाला न सांगता सुगंधा वहिनींच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले.

सुगंधा वहिनी चाळिशीतल्या. नवरा अनंत मुंबईला एका कारखान्यात. गणपतीला आणि शिमग्याला येतो, बाकी घर, भात, काजू आणि गाय सगळं बाईच्या अंगावर. गाय तांबडी, सतराची लेक, बापासारखीच बुटकी. मी गेले तेव्हा वहिनी धार काढत होत्या आणि बादलीत असा भरगच्च आवाज होत होता की आत न बघताच मला कळलं. मला बघून हात थांबला.

"अगो बाय! डॉक्टरीणबाय, इतक्या सकाळी? बसा, चाय टाकते."

"चहा नंतर. आधी बादली बघू."

बादली काठोकाठ. फेस खाली पडत होता.

"काल प्रणालीला किती दिलंत?"

"जेवढं आलं तेवढं."

"आणि आज?"

"आज गाय खूश हाय," वहिनी म्हणाल्या. बोलताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला राग आला. खरंच आला. मी म्हणाले, "वहिनी, मी एका पोराच्या चारित्र्यावर संशय घेतला, एका पोरीला खोटं ठरवलं, आणि इकडे तुम्ही माझ्याशी खेळताय! काय मिळतं तुम्हाला यातून?"

त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि पलीकडच्या घराकडे बोट दाखवलं. "ता सुलभाचं घर. माजी जाऊ. तिच्या गोठ्यात काय दिसतं?"

"लाकडं."

"तिथं गाय होती, सतराचीच. तुमच्या मेसेजनं नेली."

मग सगळं बाहेर आलं. आमच्या संस्थेची एक सोय होती, साहेबांची फार लाडकी. दूध मोजलं की गाईच्या मालकाच्या मोबाईलवर मेसेज जायचा, आपल्या गाईने आज इतकं दूध दिलं, अभिनंदन. गाईच्या कानाला बिल्ला लावतो तेव्हा नोंद होते ती घर ज्याच्या नावावर त्याच्या नावाने. मोबाईल नंबरही त्याचाच. आणि तो माणूस असतो मुंबईला. सुलभाच्या नवऱ्याला मेसेज गेला. त्याने तो कौतुकाने कामावरच्या माणसांना दाखवला. त्यातल्या एकाचा मेहुणा घाटावर जनावरांचा व्यवहार करायचा. पुढच्या रविवारी टेम्पो दारात. खोलीचं काम काढलेलं, पैसा हवा होता, गाय गेली. सुलभाला कोणी विचारलंही नाही.

"दोन दिवस जेवली नाय ती," वहिनी म्हणाल्या. "पाडीपासून वाढवलेली. ते आपले मुंबयला बसून एक मेसेज वाचणार, नि गाय गेली. मंग ज्यांच्याकडं ह्या सतराच्या गाई त्या आमी बायांनी ठरवलं, गाय मुंबयला कळू द्यायची नाय. सगल्यांनी सारखंच दाखवायचं, म्हंजे कुनाची नजर जायला नको."

सगळ्यांनी सारखं. म्हणून तो गणवेश.

राग गेला होता, पण माझा प्रश्न तसाच होता. मी म्हणाले, "वहिनी, तुमच्या या अर्ध्या बादलीने सतरा नंबर बाद होणार."

"होऊंदे. माजी गाय तर ऱ्हायल."

"राहील. आणि पुढच्या खेपेला हिला कुठल्या वळूचं भरवणार? सतरा गेला की सुरेशच्या कॅनमध्ये देशावरचे मोठे वळू उरतील. वासरू अडलं तर?"

त्यांनी गाईच्या पाठीवर हात ठेवला. याच गाईची आई तशीच गेली होती, मोठं वासरू अडून. मी तेव्हा इथेच होते, याच शेणात गुडघ्यावर. ते दोघींनाही बोलून दाखवायची गरज नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, "आकडा तुमी घ्या, बाय. खरा घ्या. पन तो मुंबयला जाता नये."

ऑफिसात आल्यावर साहेबांना फोन लावला.

"साहेब, मेसेज बंद करा."

"कुठले?"

"दुधाचे. पुरुषांना जाणारे."

"मॅडम, ते शेतकऱ्यांच्या सोयीसाठी आहेत."

"शेतकरी गोठ्यात आहे साहेब, मेसेज मुंबईला जातोय."

"एका जिल्ह्यासाठी सिस्टीम बदलता येत नाही. हवं तर नंबर बदलून घ्या. ॲपमध्ये सोय आहे. जुन्या नंबरवर ओटीपी जाईल, तो टाका, नवा नंबर लागेल."

झालं! जुना नंबर म्हणजे नवऱ्याचा. मी हे वाडीत जाऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं आता विषय संपला. बायका अंगणात बसल्या होत्या, कुणाच्या हातात आमसुलं, कुणाच्या मांडीवर पोर. सुगंधा वहिनींनी जरा विचार केला आणि आपला फोन काढला.

"हॅलो. अवो, तुमच्या फोनवर आता एक नंबर येल तो सांगा. हां, गॅसचा. सिलिंडरवाला दारात उबा हाय. आला काय? सांगा... हां. जेवलाव काय? ठेवते."

प्रणालीने नंबर टाकला. पुढच्या बाईने आपला फोन काढला. त्या दिवशी त्या वाडीत कागदोपत्री नव्हे पण फोनोपत्री इतकी सिलिंडरं आली, की एखाद्या एजन्सीने हेवा करावा. मेसेज इंग्रजीत होता आणि कामावर असलेल्या कुणाही पुरुषाने तो वाचायची तसदी घेतली नाही. मी तिथे बसून आमसूल चोखत होते. कुणीतरी हे थांबवायला हवं होतं, असं म्हणायचं तर ते कुणीतरी मीच. मी थांबवलं नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. गाई ज्यांनी पाळल्या त्यांच्याच फोनवर त्यांची खबर जाऊ लागली.

बाकीच्या वाड्यांतही असेच सिलिंडर आले आणि पुढच्या मोजणीपासून बादल्या भरल्या. आकडे असे उसळले की साहेबांचा पुन्हा फोन.

"मॅडम, आता तुम्ही आकडे वाढवताय."

"या आणि बघा."

ते खरंच आले. स्वतःचा काटा घेऊन आले, चकचकीत बूट घालून पहाटे सुगंधा वहिनींच्या गोठ्यात उभे राहिले, बादली दोनदा मोजली, आणि कासेला हात लावून बघितलं. मग घावणे खाल्ले आणि गाडीत बसताना म्हणाले, "हे मीटिंगमध्ये कसं सांगायचं?" मी म्हटलं, सांगू नका, नव्याने मोजलं म्हणा. त्यांनी सतराला मुदत दिली. आकडे पुरे झाले तेव्हा सतरा नंबर कोकणासाठीच्या यादीत पहिला आला. त्याला मागच्या शेडमधून पुढच्या शेडमध्ये आणलं. सुरेशने मला फोनवर ओरडून सांगितलं, जसा काही त्याचाच मुलगा पास झाला होता.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण प्रूव्हन वळूचा कॅटलॉग निघतो. त्यात वळूचा फोटो, त्याची माहिती आणि खाली 'उत्कृष्ट कन्या', म्हणजे सगळ्यात जास्त दूध देणारी लेक, तिचा आकडा आणि मालकाचं नाव. मुख्य ऑफिसने ते सिस्टीममधून उचलून परस्पर छापलं. फोन नंबर बायकांनी बदलला होता. मालकाचं नाव मात्र अनंतचंच होतं. ते पान कुणीतरी वाडीच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. हार, टाळ्या, अनंतरावांचे अभिनंदन.

आणि एका शनिवारी मला अनंतचा फोन आला. "मॅडम, जरा घराकडे येता काय? घाटावरनं गिऱ्हाईक आणलंय गाईला. तुमी सांगितलंत म्हंजे त्यांचा भरवसा बसेल."

मी गेले. दारात टेम्पो, अंगणात खुर्चीवर पांढऱ्या टोपीचे अण्णा, घाटावरचे जनावरांचे व्यापारी. अनंत तसा साधा माणूस. त्याला मुंबईत भाड्याच्या खोलीतून बाहेर पडायचं होतं, यात चूक काही नव्हतं. वहिनी गोठ्यात धार काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. अण्णांच्या हातात कॅटलॉगचं पान होतं.

बादली आली. निम्मीसुद्धा नाही.

अण्णा कच्चे नव्हते. त्यांनी कास दाबून बघितली, रिकामी होती. मग वासराकडे गेले. ते तृप्त होऊन लोळत होतं. "वासरू पाजलंय आधी," ते म्हणाले. "वहिनी, मी चाळीस गोठे हिंडलेला माणूस आहे. संध्याकाळपर्यंत थांबतो. वासरू टेम्पोला बांधा."

अनंतने बायकोकडे बघितलं. वहिनींनी हातातलं दावं मनगटाला गुंडाळून घेतलं. त्या रडत नव्हत्या, आणि ते बघणं जास्त कठीण होतं.

अण्णा माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही डॉक्टर. पुस्तकातला आकडा खरा की खोटा, एवढं एका शब्दात सांगा."

खरा म्हटलं तर गाय जाणार होती. खोटा म्हटलं तर सतरा नंबर, साहेब, प्रणाली, सुरेश आणि मी, सगळेच खोटे.

"खरा आहे," मी म्हणाले. वहिनींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरले नाही. "पण तो आकडा एकट्या गाईचा नाही, अण्णा. वहिनींसकट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ही गाय वहिनींच्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही. काय खाते, कधी खाते, कुठल्या बाजूने बसायचं, ते त्यांना ठाऊक. तुमच्याकडे नेलीत तर या बादलीत दिसतंय त्याहून थेंब जास्त मिळणार नाही. संध्याकाळपर्यंत थांबा की, पण धार तुमच्या माणसाने काढायची. घरी नेल्यावर तोच काढणार ना?"

अण्णांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. खोटं बोलणारी बाई कशी दिसते ते त्यांना ठाऊक असावं, पण मी तशी दिसत नव्हते, कारण मी निम्मं खरं बोलत होते. आमच्या शास्त्रात लेकीच्या दुधाचे दोन भाग धरतात. एक आईबापाकडून आलेला आणि दुसरा घरच्यांनी कमावलेला, म्हणजे चारा, निगा, हात. वळू सिद्ध करायचा म्हणजे हा दुसरा भाग हिशोबातून वजा करायचा. आयुष्यभर मी तो वजा करत आले. त्या दिवशी तेवढा परत मिळवला.

अण्णा उठले. टोपी झटकली. "वहिनीला टेम्पोत घालता येत नाही," ते म्हणाले आणि हसले. "अनंतराव, व्यवहार नाही जमत." टेम्पो रिकामा गेला.

अंगणात आम्ही तिघंच उरलो. अनंत बराच वेळ रस्त्याकडे बघत होता. मग मला हळूच म्हणाला, "मॅडम, खरंच माज्या हाताला ती दूध देणार नाय?"

"गाय तुमची आहे. नाव तुमचं आहे. बसून बघा."

तो संध्याकाळी खरंच बसला. गाईने त्याच्या बादलीला अशी लाथ मारली की बादली पार लाकडांच्या ढिगाऱ्यापर्यंत गेली. सुलभा पलीकडून हसली. वहिनी आतून आल्या, त्याला बाजूला सारलं आणि खाली बसल्या. तो तिथेच उभा राहून बादली भरताना बघत राहिला. किती भरली ते मी थांबून बघितलं नाही.

गाय अजून तिथेच आहे. बिल्ल्याची नोंद त्या वर्षी शिमग्याला अनंतने स्वतःहून बायकोच्या नावावर केली. नाव बदलायचा ओटीपी मालकाच्या आधारच्या फोनवर येतो, तोही त्यानेच सांगितला, न विचारता. सतराच्या स्ट्रॉ आता जिल्हाभर जातात आणि वासरं अडल्याचे फोन कमी झालेत. माझ्या सांगण्यावरून कॅटलॉगमध्ये आता मालकाची नावं छापत नाहीत. साहेबांनी कारण विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही.

नवीन मुलं ट्रेनिंगला येतात तेव्हा विचारतात, खोटा आकडा ओळखायचा कसा? मी त्यांना फॅट सांगते, एसएनएफ सांगते. मग म्हणते, आकडा कोणी लिहिला याचा संशय नंतर घ्या. आधी तो कोण वाचणार आहे ते विचारा.